एकोणीस वर्षांचं क्लिनिक आणि फोनमधली चौसष्ट गाणी

या वेळचं पत्र एका डेंटिस्ट ताईंचं आहे, वय ४६. पत्र बरंच मोठं आहे म्हणून त्यांच्या परवानगीनं थोडक्यात देते:

"माझं स्वतःचं क्लिनिक आहे, १९ वर्षं झाली, चांगलं चालतं. गेली चार वर्षं रात्री शेवटचा पेशंट गेला की मी तिथेच बसून गाणी लिहिते. फोनमध्ये ६४ गाणी आहेत, निम्म्याहून जास्त अर्धवट. ओळखीच्या एका संगीतकारानं त्यातल्या तीन गाण्यांना चाली लावल्या आणि एक गाणं एका गायिकेनं कार्यक्रमात म्हटलं. मी मागच्या रांगेत होते. ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई सोबत गुणगुणायला लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता क्लिनिक विकायचं मनात आहे, घ्यायला एक डॉक्टर तयार आहेत, महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचंय. मान आणि पाठ दोन्ही कामातून गेलीयेत. नवरा म्हणतो तुला पटेल ते कर. मुलगा १४ वर्षांचा आहे. शिवाय संगीतकार म्हणतोय की एक कंपनी तिन्ही गाणी एकरकमी पैसे देऊन घेते आहे, फक्त एका कागदावर सही करायची. मला वेड लागलंय का? आणि उशीर झालाय का?"

ताई, वेड नाही लागलेलं. त्या पुढच्या रांगेतल्या बाईंबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी दोनदा वाचलं, कारण ज्याला हे एकदा झालंय त्याला ते किती खोल जातं हे माहितीये. आधी सरळ सांगून टाकते, महिनाअखेर क्लिनिक विकू नका, त्या कागदावर सही करू नका, आणि गाणी अजिबात सोडू नका. आता का ते सांगते.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक म्हणजे क्लिनिकचा थकवा, दुसरी म्हणजे गाण्याची ओढ. दोन्ही खऱ्या आहेत, पण पहिलीवर दुसरीचं औषध घ्यायला गेलात तर दोन्हीकडून फसाल. मान आणि पाठ दुखते तर आधी त्याच्या डॉक्टरकडे जा, खुर्ची बदला, लूप्स, म्हणजे डोळ्यांवर लावायची भिंगं, वापरत नसाल तर घ्या म्हणजे तेवढं वाकावं तरी लागणार नाही, दिवसाचे पेशंट कमी करा. हे सगळं करून, दोन-तीन महिने नीट विश्रांती मिळून, पाठ शांत झाल्यावरही जर गाण्याची ओढ आहे तेवढीच राहिली तर ती पक्की समजा. माझा अंदाज आहे की ती राहील. पण तपासून बघायला काय हरकत आहे, तुम्ही तरी एक्स-रे न बघता दाढ काढता का?

हे मी वरवर बोलत नाहीये. मी १७ वर्षं ऑडिटमध्ये होते आणि ४३ व्या वर्षी नोकरी सोडली, गाणी लिहायची म्हणूनच. मला वाटलं होतं आता सकाळचा सगळा वेळ माझा, रोज एक गाणं होईल. पहिल्या पाच महिन्यांत चार गाणी झाली, आणि नोकरीत असताना ट्रेनमध्ये उभ्यानं लिहिलेली त्यापेक्षा चांगली होती. कारण नंतर कळलं. नोकरीत असताना गाणं हे फक्त गाणं होतं, त्याच्याकडून मला काही नको होतं. नोकरी सोडल्यावर प्रत्येक ओळीला घर चालवायचं होतं, त्यामुळे ओळ सुचली की तिच्यामागोमाग "हे कोण घेईल" हा प्रश्न यायचा आणि ओळ तिथेच मरायची. शिवाय माणसं दिसायची बंद झाली. दिवसभर माणसांत असताना कानावर जी बोलणी पडतात, कोणी काय सांगितलं, कोणी काय सांगायचं टाळलं, त्यातूनच माझी गाणी यायची हे मला घरात एकटी बसल्यावर समजलं. तुमच्या खुर्चीत तर दिवसभर माणसं येतात, घाबरलेली असतात, आणि घाबरलेलं माणूस खरं बोलतं. तो झरा एका झटक्यात बंद करू नका.

जे लोक मोठे झाले त्यांचंही बघा ना. अमेरिकेतला बिल विदर्स आधी नऊ वर्षं नौदलात होता, मग विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार होता. १९७१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि तोवर त्यानं कारखान्यातली नोकरी सोडलेली नव्हती, कारण गाण्याच्या धंद्याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. अल्बमच्या कव्हरवरही तो कारखान्यातच उभा आहे, हातात जेवणाचा डबा. मला तो फोटो फार आवडतो, त्यात कसलाही आव नाहीये. चार्ल्स आइव्ह्ज नावाचा संगीतकार तर निवृत्त होईपर्यंत विम्याचा व्यवसाय करत राहिला, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी संगीत लिहायचा, आणि १९२२ मध्ये त्यानं स्वतःच्या खर्चानं ११४ गाण्यांचं पुस्तक छापलं. आपल्याकडचे जावेद अख्तर पटकथालेखक म्हणून नाव झाल्यानंतर १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, सिनेमाच्या गाण्यांकडे वळले. आणि एका फटक्यात सगळं सोडणाराही एक आहे, क्रिस क्रिस्टोफरसन. तो सैन्यात अधिकारी होता, लष्करी अकादमीत साहित्य शिकवायची नेमणूक मिळालेली, १९६५ मध्ये ते सगळं सोडून गाणी लिहायला नॅशव्हिलला गेला आणि एका स्टुडिओत झाडू मारायचं काम धरलं. पुढे प्रचंड मोठा झाला हे खरंय, पण मधल्या वर्षांत घरच्यांनी नातं तोडलं, संसारही टिकला नाही, आणि पोट भरायला समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर उडवावं लागलं. त्याची गोष्ट सांगताना लोक शेवटचं तेवढं सांगतात, मधलं गाळतात.

उशीर झालाय का, याचं उत्तर गायकाला वेगळं आणि गीतकाराला वेगळं. गाणं लिहिणाऱ्याचा चेहरा कोणी बघत नाही, आवाज कोणी ऐकत नाही, ओळ २२ व्या वर्षी सुचली की ४६ व्या हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. उलट ४६ व्या वर्षी तुमच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे. उशीर एकाच बाबतीत झालाय, चुका करून शिकायला जो मोकळा काळ विशीत मिळतो तो तुम्हाला मिळणार नाही, म्हणून चुका जरा निवडून कराव्या लागतील.

आता तुमच्या गाण्याबद्दल बोलते, कारण पत्रासोबत तुम्ही ते कार्यक्रमातलं गाणं पाठवलंय आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचंय. मुखडा असा आहे:

दार लोटून ठेवते मी, कडी लावत नाही
कुणी येणार नाही तरी दिवा मालवत नाही

ताई, हे फार सुंदर आहे. दोन ओळींत ती बाई उभी राहते, घर दिसतं, गेलेला माणूस दिसतो, आणि "वाट बघते" हा शब्द कुठेही आलेला नाही. दुसऱ्या ओळीच्या उत्तरार्धात एक मात्रा जास्त आहे, "कडी लावत नाही" च्या ११ आणि "दिवा मालवत नाही" च्या १२, पण चालीत ती सहज मुरत असेल, तिला हात लावू नका. आणि शेवटी तो "नाही" आलाय तो तुम्ही ठरवून आणलात की आपोआप आला माहीत नाही, पण गायिकेला "ना" वर हवं तेवढं थांबता येतं, तोंड उघडं राहतं, आकार मोकळा लागतो. लांब सूर किंवा वरचा सूर असेल तिथे आ, ओ असे उघडे स्वर आले तर गाणाऱ्याचं अर्धं काम हलकं होतं, आणि त्याच जागी "इ" किंवा "उ" आला की गळा आवळल्यासारखा होतो. पुढच्या रांगेतली बाई गुणगुणली त्यात या "नाही"चा मोठा हात असणार.

आणि मग दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही लिहिलंय:

निःशब्द अस्वस्थतेच्या कक्षेत मी भ्रमते
स्मृतींच्या भग्न अवशेषांत तुजला शोधते

हे कोण बोलतंय? कडी न लावता झोपणारी बाई "भ्रमते" म्हणेल का? पहिल्या ओळीत ती माझ्या शेजारी बसून बोलत होती आणि इथे एकदम स्टेजवर जाऊन उभी राहिली. आणि दुसरी गोष्ट, ती जास्त महत्त्वाची, ही ओळ म्हणून बघा. वाचू नका, म्हणा, जरा जलद लयीत. निःशब्द, अस्वस्थतेच्या, कक्षेत, भ्रमते, स्मृतींच्या, भग्न. जोडाक्षरांनी जीभ अडखळते, विसर्गावर श्वास जातो आणि सूर धरायला जागाच उरत नाही. कागदावर वाचणाऱ्याला मागे जाऊन ओळ परत वाचता येते, गाणं ऐकणाऱ्याला येत नाही, त्याच्या कानावरून ओळ एकदाच जाते आणि तेवढ्यात ती कळली तर कळली.

माझ्या आईची कवळी बसवली तेव्हा मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी मेणात बसवलेले दात तिच्या तोंडात घातले आणि तिला बोलायला लावलं, स येणारे शब्द, फ आणि व येणारे शब्द, पुन्हा पुन्हा. स म्हणताना शिट्टीसारखा आवाज येत होता तर दात काढून जरासे सरकवले, परत घातले, परत म्हणायला लावलं. आई वैतागली, पण डॉक्टर म्हणाले आरशात छान दिसून काय उपयोग, बोलता आलं पाहिजे. हे काम तुम्ही १९ वर्षं करताय! कुठला आवाज तोंडात कुठे बनतो, जीभ कुठे टेकते, ओठ कधी दाताला लागतो हे गीतकारांपैकी कितीजणांना तुमच्याइतकं माहितीये? ती ओळ गायिकेच्या तोंडात बसवून बघा, मेणातल्या दातांसारखी. जिथे शिट्टी वाजेल तिथे काढा, सरकवा, परत घाला. आणि तिच्या घरातलं काहीतरी आणा तिथे, तुम्ही मुखड्यात दार आणलंत, कडी आणलीत, दिवा आणलात, मग अंतऱ्यात एकदम "अवशेष" का? त्याचा चष्मा असेल, बंद पडलेलं घड्याळ असेल, काय आहे ते तुम्हालाच माहीत.

आता एक प्रश्न ज्याचं उत्तर पत्रात नाही. तुम्ही कधी आधी तयार असलेल्या चालीवर लिहिलंय का? कारण व्यवसाय म्हणून जे काम येतं, सिनेमा, मालिका, जाहिरात, त्यातलं पुष्कळसं मीटरवर, म्हणजे तयार चालीच्या मापात, लिहायचं असतं. संगीतकार फोनवर चाल पाठवतो, ला ला ला किंवा काहीतरी अर्थहीन डमी शब्द घातलेली, सिच्युएशन दोन वाक्यांत सांगतो आणि म्हणतो उद्या सकाळपर्यंत मुखड्याचे तीन पर्याय द्या. तुम्ही देता. त्याला दुसरा आवडतो, दिग्दर्शकाला पहिला, आणि निर्मात्याला वाटतं की हुक लाइनमध्ये, म्हणजे लोकांच्या ओठांवर राहते त्या ओळीत, अमुक शब्द आलाच पाहिजे. मग तुम्ही परत लिहिता. सातव्या वेळेला लिहून झाल्यावर कळतं की तो प्रसंगच कापलाय. रात्रीच्या शांत क्लिनिकमधलं लिहिणं आणि हे लिहिणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मला हे दुसरं मनापासून आवडतं, कारण बंधनात शब्द सापडला की त्याचा आनंद वेगळाच असतो, पण माझ्या ओळखीत चांगले कवी आहेत ज्यांना यातलं काहीही सहन होत नाही. ते कमी दर्जाचे आहेत असं नाही, त्यांचा पिंड वेगळा. तुमचा कुठला आहे हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, आणि ते कळायच्या आधी क्लिनिक विकणं चुकीचं ठरेल. त्या संगीतकाराला सांगा, मला दहा चाली द्या, प्रत्येकीला दोन दिवसांची मुदत द्या, आणि माझ्या शब्दांवर दया दाखवू नका. दहा झाल्यावर अकरावी मागाविशी वाटली तर बघा. आणि हो, ती अर्धवट गाणी पूर्ण करा. ६४ पैकी निम्म्याहून जास्त अर्धी आहेत म्हणजे तुम्हाला सुरुवात करायला आवडतं, ते सगळ्यांनाच आवडतं.

कागदाबद्दल. सही करू नका असं म्हटलं त्याचं कारण मी स्वतः पोळलेय. नोकरी सोडल्यावर पैशाची चणचण होती तेव्हा मी पाच गाण्यांचे शब्द एकरकमी देऊन टाकले, कंपनीचं नाव घेत नाही, करार न वाचताच सही केली, ऑडिटमध्ये जन्म घालवलेल्या बाईनं. तीन वर्षांनी एका दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते आणि समोरच्या टीव्हीवर जाहिरातीत माझी ओळ लागली, माझे शब्द, दुसऱ्याच कशाला तरी विकायला वापरलेले. ना माझं नाव, ना पैसे, ना विचारणा, आणि मला काही बोलायची सोय उरली नव्हती कारण सगळे हक्क मीच लिहून दिले होते.

तर एवढं समजून घ्या. एका रेकॉर्ड झालेल्या गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द तुम्ही लिहून काढलेत त्या क्षणी ते तुमचे झाले. १८८६ च्या बर्न करारापासून पुढे ही पद्धत जगातल्या बहुतेक देशांनी मानली आहे, त्यासाठी नोंदणीची अट नसते, आणि लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर निदान ५० वर्षं तो हक्क राहतो. म्हणजे तुमची ती तीन गाणी तुमच्या मुलाच्या म्हातारपणापर्यंत कमावू शकतात. गाणं कार्यक्रमात, रेडिओवर वाजलं, त्याच्या प्रती निघाल्या किंवा ते स्ट्रीम झालं, सिनेमा-जाहिरातीत दृश्याबरोबर वापरलं गेलं, या प्रत्येकाची रॉयल्टी वेगळी असते. ती सावकाश येते, वाजल्यानंतर कित्येक महिन्यांनी, सुरुवातीला अगदी किरकोळ, पण येते. एकरकमी कागद म्हणजे सहसा हे सगळं एकदाच देऊन टाकायला लावणारा करार. त्या कंपनीला विचारा की हक्क विकत हवाय की वापरायचा परवाना हवाय, परवाना हवा असेल तर किती वर्षांसाठी आणि कशाकशासाठी, आणि गीतकार म्हणून नाव कुठे लागणार. उत्तर लेखी घ्या, कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला दाखवा. "सगळे असंच करतात" असं म्हणाले तर थांबा. आणि संगीतकाराशी आजच बोला, तो मित्र असला तरी, खरं तर मित्र आहे म्हणूनच, की या तीन गाण्यांत कोणाचा किती टक्के वाटा. एका पानावर लिहा, दोघं सही करा. गाणं चालायच्या आधी हे बोलणं दहा मिनिटांत होतं, गाणं चालल्यावर त्यातून मैत्र्या तुटतात.

क्लिनिकचं काय करायचं ते. त्या डॉक्टरांना विकायच्या ऐवजी विचारा की आठवड्यातले तीन दिवस माझ्या क्लिनिकमध्ये काम कराल का. ते आधी भाड्यानं किंवा टक्क्यावर येऊ देत, पेशंटना त्यांची सवय होऊ दे, आणि दीड वर्षानं दोघांनाही पटलं तर विका, तेव्हा पेशंट टिकलेले असतील म्हणून किंमतही बरी येईल. तुमचा परवाना मात्र कुठल्याही परिस्थितीत चालू ठेवा, नूतनीकरण, ट्रेनिंगचे तास, जे काय लागतं ते. हातातली कला वापरली नाही तर जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मोकळे झालेले तीन दिवस गाण्याचे, आणि ते डायरीत पेशंटच्या अपॉइंटमेंटसारखे लिहा, नाहीतर घरातलं प्रत्येक काम त्या दिवसांवर येऊन पडेल, मला खात्री आहे. घरखर्चाचे निदान वर्षभराचे पैसे वेगळे काढा आणि त्यात मुलाच्या शिक्षणाचे धरू नका, ते अलगच.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि मला ते टोचलं. "तुला पटेल ते कर" हे उत्तर प्रेमानंही दिलं जातं आणि भीतीनंही, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. त्यांना असं विचारू नका की मी करू का. असं विचारा की तुला कशाची भीती वाटते, आणि मग मध्ये न बोलता ऐका. मी हे विचारायला उशीर केला होता, माझ्या नवऱ्याला पैशाची भीती नव्हतीच, त्याला वाटत होतं की मी ज्या जगात चाललेय तिथे त्याला जागा नाही. ते कळलं तेव्हापासून माझ्या प्रत्येक गाण्याचा पहिला श्रोता तो आहे, आणि तो फार कडक आहे. पुढच्या कार्यक्रमाला त्यांना मागच्या रांगेत शेजारी बसवा. मुलालाही.

डॉक्टरांना द्यायचं उत्तर महिनाअखेर आहे, त्यांना उद्याच फोन करा म्हणजे त्यांनाही टांगणीला ठेवल्यासारखं होणार नाही. आणि दुसरा अंतरा नवा लिहून झाला की मला पाठवा, गायिकेकडून म्हणून घेतल्यानंतर, आधी नको.